तिसऱ्या पुकाऱ्याआधी

आमच्या वाईच्या कोर्टात एक रीत आहे. कुणी मुंबईला जाऊन आला, की आवारातल्या चिंचेखाली बसवून त्याला चहा पाजायचा आणि उलटतपासणी घ्यावी तसं सगळं वदवून घ्यायचं. मी परतल्यापासून चहा पिऊन पिऊन माझं पित्त खवळलं आहे. प्रत्येक वेळी माणूस नवा आणि प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं असतं. म्हणून आता एकदाच लिहून काढतो. वाचायचं त्याने वाचावं आणि चहा आपला आपण प्यावा.

मी वकिलाचा कारकून आहे. साहेब कोर्टात बोलतात आणि बोलण्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं आम्ही करतो. कागद लावणं, शिवणं, दाखल करणं, कचेरीने काढलेल्या हरकती दूर करणं, नकला काढणं, पक्षकाराला तारखेला हजर करणं. कोर्टात आम्हाला बोलायचा हक्क नाही. फक्त एक वाक्य चालवून घेतात. साहेब वेळेवर आले नाहीत आणि पुकारा झाला, की उठून हात जोडायचे आणि म्हणायचं, “केस मागे ठेवावी, साहेब येतायत.” हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन, असं आमच्या मंडळींचं म्हणणं आहे. दिवसभराच्या रोजनाम्यात वकिलाचं नाव लागतं, पक्षकाराचं लागतं, न आलेल्या पक्षकाराचंसुद्धा ‘गैरहजर’ म्हणून लागतं. कारकुनाचं लागत नाही. तक्रार नाही, पण आहे हे असं आहे.

अशा बिननावाच्या लोकांची मुंबईत एक संघटना आहे. पूर्वी ती फक्त मुंबईकरांची होती. काही वर्षांपूर्वी सुनंदा कांबळे नावाची एक कारकून बाई एस.टी.ने वाईला आली, त्या चिंचेखालीच बसली आणि आमची शाखा काढून गेली. जाताना म्हणाली, “तालुक्याचा कारकून कमी नसतो काका, फक्त लांब असतो.” तेव्हापासून मी तिला मानतो. यंदा तीच अध्यक्ष होणार असं ठरलं होतं. संघटनेत बाई अध्यक्ष कधी झालेली नाही आणि गिरणगावातल्या चाळीतलंही कुणी नाही. शाखेने सोहळ्याला मला पाठवलं. जाताजाता पुढचं अधिवेशन वाईला मागून घ्यायचं, हेही माझ्या गळ्यात मारलं.

बुधवार, गिरगाव

उतरलो ते मावळत्या अध्यक्षांकडे, अण्णा वालावलकरांकडे. ठाकूरद्वारच्या आतल्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची दोन खोल्यांची जागा. लांबलचक सामाईक गॅलरी आणि गॅलरीत प्रत्येकाच्या दारासमोर प्रत्येकाचं राज्य. एकाचं तुळशीचं डबडं, एकाची सायकल, एकाचे वाळत घातलेले बोंबील. आमच्याकडे शेजाऱ्याच्या घरात काय शिजतं ते कळायला निदान भिंतीला कान लावावा लागतो. इथे कान कशाला, डोळे मिटले तरी कळतं.

“ये रे वाईकरा, ये,” अण्णा दारातूनच म्हणाले. “कसो इलंस? उडत काय?”

मुंबईत मला सगळे वाईकर म्हणतात. साताऱ्याच्या माणसाला सातारकर, नगरच्याला नगरकर. गावाचं नाव लावलं की काम झालं.

आमच्या मंडळींनी पांचगणीची स्ट्रॉबेरी करंडीत पानं घालून बांधून दिली होती. मी ती एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो होतो, पण खंबाटकीच्या घाटात डोळा लागला आणि करंडी पायाशी गेली. अण्णांच्या घरी ती उघडली तेव्हा आत स्ट्रॉबेरी नव्हती, लाल चिखल होता. अण्णांच्या पत्नीने क्षणभर त्या चिखलाकडे पाहिलं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि साखर घालून पातेलं चुलीवर चढवलं. संध्याकाळी घावनांबरोबर तो मुरंबा झकास लागला. हे मी घरी सांगितलेलं नाही, आता वाचतील तेव्हा कळेल.

दुपारी मात्र माझी फजिती झाली. ताटात मांदेली आल्या. आम्ही मटणवाले लोक, हाड दिसतं तेवढंच ओळखणारे. तिसऱ्याच घासाला काटा घशात बसला आणि माझे डोळे पांढरे झाले.

“घाबरू नकात,” वहिनी म्हणाल्या. “सुक्या भाताचो गोळो गिळा. चावू नकात.”

गिळला आणि सुटलो. अण्णा इतके हसले की त्यांना खोकला लागला. खोकला थांबल्यावर ते मूळ गोष्टीवर आले.

“माझी नजर गेली रे,” ते म्हणाले. “परवा मी एकाचा कागद दुसऱ्याच्या फायलीत शिवला. कुणाच्या लक्षात यायच्या आत काढला, पण माझ्या लक्षात आला ना. आता बस. वेंगुर्ल्याक जाऊन माड बघत बसतलंय. पण शुक्रवारी पुकारा नीट झालो तर.”

हा पुकारा समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी कथा त्यावर आहे. संघटनेत अध्यक्ष बदलताना हार-तुरे नंतर येतात. आधी मावळता अध्यक्ष खुर्चीवरून उठतो, कोर्टाच्या पट्टेवाल्यासारखा खांद्यावरून लाल पट्टा घेतो आणि दारात जाऊन नव्या माणसाचं नाव तीन वेळा पुकारतो. नव्या माणसाने स्वतः ‘हजर’ म्हणून आत यायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही उत्तर आलं नाही, तर पक्षकार गैरहजर म्हणून कोर्टात दावा निघतो तशी निवड निघाली, म्हणजे रद्द. जुनाच अध्यक्ष पुढच्या सभेपर्यंत राहणार आणि नाव नव्याने सुचवायचं. आपण जन्मभर दुसऱ्यांना तारखेला हजर करतो, तेव्हा स्वतःच्या तारखेला हजर राहता आलं पाहिजे, असा त्यातला अर्थ. ही गंमत नाही. अण्णांच्या आधी एक गृहस्थ अध्यक्ष होणार होते. ते पान खायला खाली उतरले, ओळखीचा पक्षकार भेटला, बोलत राहिले. वर तीन पुकारे होऊन गेले. ते अध्यक्ष झाले नाहीत ते नाहीतच, आणि अण्णा झाले.

“सुनंदा येईलच की,” मी म्हणालो.

“तिची एक केस शुक्रवारीच हा. लघुवाद कोर्टात. त्या दिवसाच्या बोर्डावर सगळ्यात शेवटचा नंबर.” अण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले. “आणि काही जण वाटच बघतायत, ती कधी चुकता त्याची.”

गुरुवार, नायगाव ते लालबाग

दुसऱ्या दिवशी मी लोकलने दादरला उतरलो आणि सुनंदाताई मला न्यायला तिथे आल्या. बाई चाळिशीच्या, अंगाने बारीक, पण चालणं असं की मला धोतराचा सोगा आवरत पळावं लागलं. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून दाभणाचं टोक बाहेर आलेलं. कागद शिवायचं दाभण जवळ बाळगणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. माझं खिशात असतं.

“काका, चला पटापट, सिग्नल पडला की मग अडकलो,” असं म्हणत त्यांनी मला नायगावला नेलं. त्यांची खोली तिथल्या जुन्या सरकारी चाळीत आहे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली बुद्धमूर्ती आणि शेजारी वडिलांचा फोटो, गळ्यात गिरणीच्या पासाची दोरी असलेला. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. संप झाला तेव्हा सुनंदाताई एका वकिलाकडे टायपिंग करत होत्या. गिरणीची पत्रं चाळीत येऊ लागली, कामावर या नाहीतर नाव कमी करू अशी, आणि लोक ती घेऊन यांच्या दारात बसू लागले. त्या वाचून दाखवायच्या, मग उत्तर लिहायच्या, मग लोकांबरोबर कोर्टात जाऊ लागल्या. अशी ती टायपिस्ट मुलगी कारकून झाली.

“संप मिटला कधी मग?” मी विचारलं. आमच्या भागातली निम्मी माणसं तेव्हा गावी परत आली होती, पण मिटल्याचं काही ऐकलं नव्हतं.

“कुठे मिटला? मागे घेतलाच नाही कुणी. कागदावर चालूच आहे अजून.” त्या हसल्या. “आपल्या भाषेत, निकाली निघालेला नाही.”

तिथून चालत परळ, लालबाग. मी लहानपणी वडिलांबरोबर एकदा इथे आलो होतो. तेव्हा भोंगा झाला आणि रस्ता माणसांनी भरून गेला, मी वडिलांचं बोट घट्ट धरलं होतं. आता त्याच रस्त्याला मोकळं वाटत होतं. चिमण्या होत्या तिथेच होत्या, एखादीतूनच धूर निघत होता. गिरणीच्या दारापाशी एक म्हातारा पोलिसी टोपी घालून स्टुलावर बसला होता, राखायला. आत राखण्यासारखं काय उरलं होतं कोण जाणे. पण लालबागच्या बाजारात मसाल्याच्या दुकानांपुढे मिरच्या कुटण्याचा आवाज आणि ठसका तसाच होता, आणि मला सलग शिंका आल्या तेव्हा एक दुकानदार न विचारता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. वाईच्या पेठेत मी शिंकलो तर लोक तोंड फिरवतील.

सुनंदाताईंनी मला एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर नेलं. पार्वतीबाई नावाच्या सत्तरीच्या बाईंची खोली. खोली म्हणण्यापेक्षा खाणावळ म्हणावी. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावाकडून आलेले एकटे गडी पाळीपाळीने इथे जेवायचे. भिंतीला अजून त्यांच्या थाळ्यांचे खिळे ओळीने होते, थाळ्या मोजक्याच. बाकीचे खिळे रिकामे.

“तुमी वाईचं व्हय?” पार्वतीबाईंनी विचारलं. “मी भुईंजची. बसा की. जेवल्याबिगर कसं जाशीला?”

भुईंज म्हणजे आमच्या उशाशी. मग काय विचारता. ज्वारीची भाकरी, आमटी, खरडा आणि वर दही. आदल्या दिवशी माशांना घाबरत जेवलेला मी, त्या दिवशी दोन माणसांचं जेवलो. बाई समोर बसून वाढत होत्या आणि विचारत होत्या, नदीला पाणी किती, यात्रेला बगाडाचा मान कुणाला, अमक्याची सून नांदते का. मला निम्मी उत्तरं माहीत नव्हती, तरी मी दिली.

त्याच पार्वतीबाईंचा दावा शुक्रवारी होता. खोली नवऱ्याच्या नावावर. नवरा गेला तसा मालक म्हणू लागला की बाई भाडेकरू नाही, बाहेर निघा. बाईंना बाहेर काढायला कोर्टाची तात्पुरती मनाई होती, ती कायम होणार की उठणार, हे शुक्रवारी ठरायचं होतं. उठली तर चूल उठली.

“केस वकीलसाहेब चालवतील ना?” मी खालच्या जिन्यावर सुनंदाताईंना विचारलं. “तुम्ही अर्ध्यावर निघून या सभेला. कागद दुसऱ्या कुणाकडे द्या.”

“कागद देईन हो. मावशींना कुणाकडे देऊ?” त्या थांबल्या. “कोर्टाची पायरी दिसली की त्यांचे पाय थरथरतात, काका. संपाच्या वेळी पोलीस नवऱ्याला धरून घेऊन गेले, ती इमारत आणि ही इमारत त्यांना एकच वाटते. मी हात धरला तरच चढतात. आणि पक्षकाराला कोर्टात सोडून अध्यक्ष व्हायला गेले, तर ती अध्यक्ष कुणाची?”

“पण निवड निघाली तर?”

“तर निघाली.” मग खाली बघून हळू म्हणाल्या, “नाही, खोटं कशाला बोलू. मला व्हायचंय. माझ्या बापाचं नाव गिरणीच्या हजेरीतून काढलं तेव्हा मी तिथे उभी होते. माझं नाव त्या दारात मोठ्याने पुकारलं जावं असं मला खूप वाटतं.”

मी त्यांची पिशवी घेतली आणि दाभण माझ्या बोटाला टोचलं.

शुक्रवार, दादर

सभा दादरच्या एका शाळेच्या सभागृहात होती. बाकं लहान मुलांची, त्यामुळे आम्ही सगळे गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. फळ्यावर कुणीतरी सुंदर अक्षरात ‘वार्षिक सभा’ लिहिलं होतं आणि कोपऱ्यात मुलांचा बेरजेचा हिशेब तसाच राहिला होता. चहाबरोबर बटाटावडा आला. आमच्याकडे सभेला चिवडा असतो आणि तो खिशात भरून घरी नेता येतो, एवढाच आमच्या बाजूने मुद्दा.

माझं सगळं लक्ष दाराकडे. सुनंदाताई आलेल्या नव्हत्या. पुढच्या बाकावर दोघे बोलत होते.

“बाईमाणूस. संध्याकाळ झाली की घरी पळणार. संघटना बघणार कोण?”

“आज तर संध्याकाळच्या आधीच पळाली,” दुसरा म्हणाला आणि दोघे हसले.

ती बाई या घटकेला एका म्हातारीचा हात धरून लाकडी बाकावर बसली असेल, हे त्यांना सांगावंसं वाटलं. पण मी परगावचा माणूस, जीभ आवरली.

अहवाल झाला, दुखवटे झाले, अण्णांचे आभार झाले. अण्णा बोलले थोडंच, पण मान्य करायला हवं, की बोलताना ते मालवणी विसरून इतकं शुद्ध बोलले की मला ओळखू येईनात. मग चिटणीस दिघे उठले. दिघे म्हणजे फोर्टातल्या मोठ्या वकिलांचे कारकून, कपडे परीटघडीचे, नियमाला पक्के. वाईट माणूस नाही. फक्त घड्याळ आणि माणूस यांत निवड करायची वेळ आली तर घड्याळ निवडणारा.

“आता पुकारा,” दिघे म्हणाले.

अण्णा खुर्चीवरून उठले. लाल पट्टा खांद्यावरून घेतला, पितळी बिल्ला छातीवर सरळ केला आणि दारात जाऊन उभे राहिले. सत्तरीचा माणूस, पण आवाज असा की खालच्या रस्त्यावरची माणसं थांबली असतील.

“सुनंदा भागूराम कांबळे... हजर?”

कोणी नाही. वऱ्हांड्यात शाळेचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरत होता, तेवढा आवाज.

“सुनंदा भागूराम कांबळे... हजर?”

कोणी नाही. अण्णा थांबले. जिन्याकडे बघत राहिले. त्यांना त्या अंधाऱ्या जिन्यात काय दिसत असणार, पण बघत राहिले.

“अण्णा, तिसरा पुकारा द्या,” दिघे म्हणाले. “नियम सगळ्यांना सारखा.”

पुढच्या बाकावरचे दोघे एकमेकांकडे बघत होते. अण्णांनी श्वास घेतला. आणि मी उभा राहिलो. विचार करून उठलो असं म्हणणार नाही. पुकारा होतोय, आपला माणूस आलेला नाही, हे ऐकलं की माझे पाय आपोआप उठतात. हातही आपोआप जोडले गेले.

“केस मागे ठेवावी,” मी म्हणालो. “बाई दुसऱ्या कोर्टात आहेत. येतायत.”

सभागृहभर हसू पसरलं. त्यात कुचेष्टा नव्हती. प्रत्येकाने ते वाक्य हजारदा म्हटलेलं होतं, पण दुसऱ्यासाठी. आपल्यातल्या माणसासाठी ते कधी कुणी म्हटलं नव्हतं.

दिघे हसले नाहीत. “मुंबईत आम्ही याला पासओव्हर म्हणतो,” ते म्हणाले. “आणि तो कारकून आपल्या साहेबांसाठी मागतो. तुम्ही वाईचे. कांबळेबाई तुमच्या कोण लागतात?”

प्रश्न नियमाला धरून होता. मला राग आला आणि राग आला की मला नीट बोलता येतं.

“त्या अध्यक्ष व्हायच्या आहेत,” मी म्हणालो. “अध्यक्ष म्हणजे आमचे साहेब. मी त्यांचा कारकून.”

हसू थांबलं. पुढच्या बाकावरच्या दोघांपैकी एकाने वळून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. पंचावन्न वर्षांचा, धोतरातला, मिशा पांढऱ्या झालेला मी, नायगावच्या बाईचा कारकून म्हणून उभा होतो आणि मला त्यात काहीही कमीपणा वाटत नव्हता. उलट छाती भरून आली होती, हे सांगायला हरकत नाही.

“मान्य,” दारातून अण्णा म्हणाले.

“मान्य कसं?” दिघे म्हणाले. “तुम्ही आता पट्टेवाले आहात. पट्टेवाल्याला केस मागे ठेवता येत नाही.”

बोलणं बिनतोड होतं. खुर्ची रिकामी होती. अण्णांनी दिघ्यांकडे पाहिलं, मग शांतपणे पट्टा काढला, नीट घडी घातली, चालत पुढे आले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

“मान्य,” ते म्हणाले. “पुकारा बोर्डाच्या शेवटी. आधी पुढच्या वर्षाचे कार्यक्रम घेऊ. आता काय म्हणतंस, दिघ्या?”

दिघ्यांनी मान तुकवली. नियमात बसलं की त्यांचं भांडण संपतं, आणि हा त्यांचा गुण मला त्या दिवशी कळला.

मग पुढचे कार्यक्रम आले, आणि एरवी लोक ज्या विषयाला चपला शोधू लागतात तो विषय त्या दिवशी सगळ्यांनी मुद्दाम लांबवला. नव्या कारकुनांसाठी रविवारचे वर्ग परळला घ्यायचे की दादरला, यावर जे कधी तोंड उघडत नाहीत असे लोक बोलले. कोर्टात संगणक येणार म्हणतात, त्याचं शिक्षण कुणी द्यायचं, यावर एक गृहस्थ इतकं बोलले की शेवटी मलाच संशय आला, यांनी तो पाहिला तरी आहे का. अधिवेशनाचा विषय निघाला तेव्हा मी पुन्हा उठलो आणि वाईचा घाट, गणपती, आमची पेढ्यांची दुकानं आणि चिंच, असं सगळं मिळून जेवढं ताणता येईल तेवढं ताणलं. आयुष्यात मला इतका वेळ कुणी बोलू दिलं नव्हतं. पुढच्या बाकावरच्या त्या माणसाने, जो माझ्याकडे वळून बघत होता, विचारलं, “राहायची सोय?” मी म्हणालो, “आमच्या घरी.” सगळ्यांची? “सगळ्यांची.” घरी अजून हेही सांगितलेलं नाही. अधिवेशन वाईला मंजूर झालं, नव्या अध्यक्षांच्या संमतीच्या अटीवर.

शिपायाने किल्ल्या दारावर वाजवल्या. विषय संपले. अण्णांनी घडी घातलेल्या पट्ट्यावर हात ठेवला, पण उचलला नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एकाची घाईची आणि एकाची सावकाश, आणि घाईचीसुद्धा सावकाशीसाठी थांबत थांबत येत होती. मी ती ओळखली. दारात सुनंदाताई आल्या, काखेत कागदांचा गठ्ठा, केस विस्कटलेले, आणि त्यांच्या दंडाला धरून पार्वतीबाई.

“कायम झाली,” सुनंदाताई दारातूनच म्हणाल्या. त्यांना इथली काहीच कल्पना नव्हती. “मनाई कायम झाली. खोली राहिली.” मग खुर्चीत बसलेल्या अण्णांकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांचा चेहरा उतरला. “निवड निघाली ना? असू दे. मी मागे बसते.”

“मागे नको,” अण्णा म्हणाले. “भायर जा. दाराभायर उभी रव.”

त्या गोंधळून वऱ्हांड्यात गेल्या. अण्णा उठले, पट्टा घेतला, दारात गेले आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभं राहून, जणू त्या कुलाब्याला आहेत अशा आवाजात, पहिल्यापासून पुकारलं.

“सुनंदा भागूराम कांबळे...”

“हजर,” त्या म्हणाल्या. अण्णांना ‘हजर?’ म्हणायचीसुद्धा सवड मिळाली नाही. सगळं सभागृह उभं राहिलं, शिपाईसुद्धा. पार्वतीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि शेजारच्याला विचारलं, “काय झालं?”

पट्टा काढून अण्णा सरळ माझ्या बाकावर येऊन बसले. गुडघे त्यांचेही छातीशी आले. “आता बरा वाटता,” ते म्हणाले.

सुनंदाताई खुर्चीत बसल्या. दिघ्यांनी त्यांना घडलं ते सगळं सांगितलं, अगदी शब्दाला शब्द, स्वतःच्या हरकतींसकट. त्या ऐकत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं आता आभार मानणार, आणि मी खाली बघायची तयारी केली.

“दिघेसाहेब,” त्या म्हणाल्या, “माझा पहिला आदेश लिहून घ्या. आजच्या सभेच्या नोंदीत, पासओव्हर कुणी मागितला त्याची हजेरी लागली पाहिजे. नावासकट.”

दिघ्यांनी पेन उघडलं. “वाईकर, नाव सांगा.”

मी उभा राहिलो, हात जोडले आणि आयुष्यभराच्या सवयीने आमच्या वकीलसाहेबांचं नाव सांगितलं.

“साहेबांचं नको, काका,” सुनंदाताई म्हणाल्या. “तुमचं.”

दिघे पेन धरून थांबले होते. सगळे थांबले होते. मी जोडलेले हात खाली घेतले.

“दत्तात्रय केशव मांढरे,” मी म्हणालो. “कारकून, वाई. हजर.”